आउनेसाठी बाराची घंटा

आउने काल गेली. गावात कोणी वारलं की चर्चची घंटा वाजते, तशी आज दुपारी बाराला तिच्यासाठी ती वाजायलाच हवी होती, कारण तळ्यापलीकडे तिचा नवरा एइनो ती ऐकायला खिडकी उघडून बसणार होता.

चर्चचं सगळं बघणारी हिल्का गुडघ्यांनी हैराण. मनोऱ्याच्या पायऱ्या झेपेनात, म्हणून गावातल्या कॉम्प्युटरवाल्या इलारीने घंटेला मोटर बसवून वेबपानावर बटण करून दिलं होतं. आज बाराच्या आधीच तिच्याकडून ते चुकून दाबलं गेलं. पानावर ऐटीत ‘वाजली’ आलं. वर सामसूम.

‘‘अरे इलारी, हे धडधडीत खोटं बोलतंय!’’

इलारीने सर्व्हरवर शिरून तोच हुकूम स्वतः टाइप केला. घणघण घंटा वाजली! हिल्काने कपाळावर हात मारला.

‘‘मेल्या, बाराला अवकाश आहे अजून!’’

लगेच बेकरीतून फोन. ‘‘नाही गं, आणखी कोणी नाही गेलं,’’ हिल्का म्हणाली, ‘‘इलारीचं डोकं तेवढं गेलंय.’’

इलारीला घाम फुटला. हुकूम तोच, यंत्र तेच, मग पानावरून का नाही? शेवटी त्याने पानालाच विचारलं, तू कोणाच्या नावाने काम करतंस? उत्तर आलं, सर्व्हरच्या. हात्तिच्या! मोटरला हात लावायची परवानगी त्याने फक्त स्वतःला दिली होती, आणि चाचण्याही स्वतःच्याच नावाने घेतल्या होत्या. पान बिचारं नकार घेऊन परत येत होतं, आणि तो नकार दाखवायची सोयच त्याने केली नव्हती.

‘‘म्हणजे मला किल्लीच दिली नव्हतीस.’’

‘‘नाही गं. चुकलं माझं.’’

‘‘मग दे की आता, बघतोस काय!’’

त्याने सर्व्हरला परवानगी दिली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. बाराला हिल्काने बटण दाबलं आणि घंटा वाजली, संथ, तळ्यापार जाईल अशी.

थोड्या वेळाने एइनोचा फोन आला.

‘‘हिल्का, पहिल्यांदा वाजली तेव्हा मी तिचा कोट आवरत होतो गं. खिडकी उघडेपर्यंत थांबलीसुद्धा. म्हटलं, घड्याळाने दगा दिला, एवढंही जमलं नाही मला तिच्यासाठी. मग तू परत वाजवलीस. कसं कळलं तुला?’’

इलारी खरं सांगायला पुढे सरकला. हिल्काने त्याचा दंड घट्ट धरला.

‘‘वाटलं मला, तू अजून खिडकीशी आला नसशील,’’ ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.