ड्राफ्ट्समनचं तळं

"यावर कोणी हात फिरवला?" बाबांनी विचारलं.

ऑपरेशननंतरची उजव्या डोळ्यावरची पट्टी सकाळीच निघाली होती. काळा चष्मा काढून ते बैठकीतल्या चित्रासमोर उभे होते. चित्र त्यांचंच. टाउनशिपच्या बागेतलं तळं, तिन्हीसांजेचं. आई गेल्यावर त्यांनी ते घरात बसून, आठवणीतून रंगवलं आणि वर्षश्राद्धाच्या आधी पूर्ण केलं.

"कोणी नाही बाबा. कोण कशाला हात लावेल?"

"मग एवढं निळं कसं?"

मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळा रंग आत कमी पोचतो. आठवणीतलं पाणी दिसावं म्हणून ते निळ्यावर निळा चढवत गेले असणार. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि रेघा? रेघा कुठे गेल्या?"

बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन. रेघ केसभर सरकली तरी अख्खं ड्रॉइंग पुन्हा काढणारे. या चित्रात मात्र एकाही वस्तूला कड नव्हती. नुसते फटकारे, एकमेकांत विरघळलेले. शेजारचे श्रीवास्तव अंकल म्हणाले होते, "भाईसाहब, ये तो बिल्कुल फ्रान्सवाली पेंटिंग है." मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, याला इम्प्रेशनिझम म्हणतात, मुद्दाम असं धूसर ठेवतात. बाबा काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, लाजतात.

"मुद्दाम काही नव्हतं गं," ते म्हणाले. "पानन् पान काढलं होतं मी. तिच्या साडीचे काठसुद्धा."

"कुणाच्या?"

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या आईच्या. ही काय, बाकावर बसलीय. हिरवी नागपुरी नेसून."

बोट होतं तिथे निळसर हिरवा डाग होता. मी त्याला झुडूप समजत आले होते. वर्षश्राद्धाला सगळ्यांनी तळ्याचं कौतुक केलं आणि बाबा पानावरून अर्धवट उठले होते, ते का, हे मला आत्ता कळलं.

"तुला दिसली होती ना ती?"

"नाही बाबा."

"श्रीवास्तवला?"

मी मान हलवली. ते हळूच सतरंजीवर बसले. मग तळहाताची वाटी करून त्यांनी उजवा डोळा झाकला. डाव्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता. मान जराशी कलती करून ते बघत राहिले.

"आहे," ते पुटपुटले. मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन कर. डावा राहू दे म्हणावं."

"असं कसं बाबा? उद्या रस्ता दिसायचा नाही."

"रस्त्याला उजवा पुरे."

मी फोनपाशी गेले नाही. त्यांच्या शेजारी बसले. "कुठे आहे आई? मला दाखवा."

उजवा डोळा तसाच झाकलेला ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट उचललं आणि चित्राला न टेकवता हवेत तिची रेघ काढायला घेतली. आधी खांदा, मग पदर. रेघ जराही हलली नाही.