आईंच्या डिस्कशेजारची डिस्क

सासूबाईंचं शिवणाचं टेबल आणि त्यांचा कॉम्प्युटर एकाच खोलीत. चौदा वर्षांत त्यांनी बेतलेल्या प्रत्येक कपड्याचा आराखडा त्या कॉम्प्युटरात आहे. दुसरी प्रत कुठेच नाही. मी दहादा म्हटलं, "आई, एक कॉपी काढून ठेवते." उत्तर ठरलेलं: "माझं बेतणं इकडेतिकडे फिरायला नको."

त्याच कॉम्प्युटरात मी दुसरी हार्ड डिस्क बसवली. तिच्यावर लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा उभी करायची होती, तीही आयती नाही. मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि एकेक भाग आपल्याच यंत्रावर तयार करायचा. मुलगी झाली तेव्हा नोकरी सुटली. अजून आपल्याला जमतं का, एवढंच मला बघायचं होतं.

"आणि माझ्या कामाला धक्का लागला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही लागणार."

"गॅस बंद केला का, हे तीनदा बघणारी तू. आज एवढी खात्री?"

खात्री कसली!

सकाळी सुरुवात केली. सव्वा वर्षाची ठकी पायाशी. तिचं बोट पॉवरच्या बटणावरच जाणार, म्हणून त्यावर एक झाकण चिकटपट्टीने बसवलं. पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं आणि डिस्क पुसायची आज्ञा लिहिली. यंत्र डिस्कना ए, बी अशी नावं देतं. काल रिकामी डिस्क बी होती. आता फक्त एंटर दाबायचं होतं.

दाबवेना. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. बसवताना नवीवर छापलेला नंबर मी वहीत टिपला होता. पडद्यावर दोघींचे नंबर मागवले आणि वहीशी ताडून पाहिले. यंत्र पुन्हा चालू होताना नावांची अदलाबदल झाली होती. आज बी म्हणजे आईंची डिस्क.

दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

लपवणं जमलं नाही. "आई, आत्ता तुमचं सगळं पुसलं गेलं असतं. वेळेवर पाहिलं म्हणून वाचलं."

त्यांनी कात्री खाली ठेवली. आता हे सगळं गुंडाळायला सांगणार, असं वाटलं.

"मग माझ्या डिस्कची वायरच काढून ठेव की!"

चार वर्षं इंजिनिअरिंग करून हे मला सुचलं नव्हतं.

वायर काढली. मग दोन दिवस यंत्राचा पंखा घोंघावत होता आणि पडद्यावरून ओळी धावत होत्या. एकदा मध्येच सगळं थांबलं, मीच निवडलेला एक पर्याय चुकला होता.

"सगळं उसवू नकोस," सासूबाई शिवता शिवता म्हणाल्या. "चुकलंय तेवढंच उसव."

तेवढंच उसवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र नव्या डिस्कवरून उठलं. काळा पडदा आणि माझं नाव विचारणारी एक ओळ.

"एवढंच?"

"एवढंच. पण आई, हे सगळं या खोलीत तयार झालंय. मी केलंय." माझा आवाज जरा जास्तच मोठा झाला असावा, कारण ठकी टाळ्या पिटायला लागली.

यंत्र बंद करून जुनीची वायर जोडली. सासूबाई चष्मा लावून बसल्या आणि एकेक आराखडा उघडू लागल्या. मी मागे उभी राहून बघत होते. बाह्या, गळे, कॉलर, सगळं जागच्या जागी.

"तुझ्या डिस्कमध्ये जागा आहे का गं?" पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"भरपूर."

"मग ठेव तिथे माझी एक प्रत. पासवर्ड तूच घाल."