बाविसावा सेकंद

समीक्षकांनी सूपचा चमचा पत्नीच्या ओठांशी नेला आणि नेमकी त्याच वेळी ती हसली. सूप हनुवटीवरून ओघळले. ते टिपण्याचेही भान त्यांना राहिले नाही. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आठ महिन्यांत तिच्या तोंडून निघालेला हा पहिलाच आवाज होता.

टीव्हीवर मोज्यांची जाहिरात चालू होती, प्रेमपटांची टर उडवणारी. विमानतळावरच्या तपासणीत बूट काढावे लागलेला नायक तसाच मोज्यांनिशी ऊर फुटेस्तोवर धावतो, नायिकेला गाठतो, गुडघे टेकून प्रेमाची कबुली देतो. भोवतीचे प्रवासी डोळे पुसतात. आणि बाविसाव्या सेकंदाला, पुसता पुसता, सगळे एकदम नाक दाबतात.

"हसली," दारात उभी असलेली मेहुणी म्हणाली. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "भावोजी, तीस वर्षं तुम्हाला जे जमलं नाही, ते एका मोज्यानं करून दाखवलं."

समीक्षकांनी चमचा वाटीत ठेवला. हीच जाहिरात दोन दिवसांपूर्वी त्यांनी हातात स्टॉपवॉच धरून सात वेळा पाहिली होती आणि आपल्या सदरासाठी लिहिले होते, की नाक दाबण्यापाशी विडंबन संपते व पाचकळपणा सुरू होतो. तेवढा एक क्षण गाळला, तर रचना निर्दोष ठरेल. आरोपीचे म्हणणे ऐकले नाही असे कोणी म्हणू नये, म्हणून छापण्याआधी लेख जाहिरातकर्त्यांकडे पाठवण्याचा त्यांचा शिरस्ता होता. लेखासोबत परीक्षणासाठी आलेली जाहिरातीची सीडीही परत गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नाक मुठीत धरून जाहिरातकर्त्यांना फोन लावला.

"मी माझं मत मागे घेतो."

"आता कसं घेता, सर? परवा आम्ही आठ जण रात्रभर भांडलो. तुमच्या एकाही मुद्द्याला उत्तर सापडलं नाही. तो क्षण काढून टाकला. आज संध्याकाळपासून नवी जाहिरात."

"माझा मुद्दा चुकला होता."

"कुठे, ते सांगा ना."

समीक्षकांनी समोरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. एकेक वाक्य पुढच्या वाक्याचा हात घट्ट धरून उभे होते. कुठेही फट नव्हती.

"हसू येतं," ते अखेरीस म्हणाले.

"तेही तुम्हीच लिहिलंय की. 'हसू येणे हा पुरावा नव्हे.' आम्ही ते भिंतीवर लावलंय, सर."

"जुनी प्रत तरी पाठवा. एखादी."

"चुकून तीच लागेल म्हणून कालच पुसली."

संध्याकाळी मेहुणीने बहिणीच्या पाठीशी दोन उशा लावल्या, केस विंचरले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. समीक्षक पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. फोनबद्दल ते कोणाशीही बोलले नव्हते.

जाहिरात लागली. नायक धावला. त्याने गुडघे टेकले. पत्नीच्या ओठांची चांगली बाजू आधीच किंचित उचलली गेली. प्रवाशांनी डोळे पुसले, आणि लगोलग पडद्यावर मोज्यांचे नाव झळकले.

समीक्षक उठून तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी चिमटीत स्वतःचे नाक दाबले. वेळ अचूक साधली होती. बाविसावा सेकंद.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मेहुणीने खिडकीकडे तोंड फिरवले. टीव्हीवर कुणीतरी साबण विकू लागले, तरी त्यांनी चिमटी सोडली नाही.

मग पत्नीने डावा हात उचलला, त्यांचे मनगट धरून हळूच खाली आणले, आणि त्याच हाताने त्यांना थोडे बाजूला सारले. ते मध्ये उभे असल्याने तिला पडदा दिसत नव्हता.