हिंमतरावांच्या रायफलीचं माप

हिंमतरावांची रायफल ठाण्यात जमा करायची, असं ज्ञानेश्वरनं ठरवलं, त्या दिवसापासून गोजरबाईला जेवण गोड लागेना. तिच्या नवऱ्यानं त्या रायफलीनं पस्तीस वर्षं मक्यातली डुकरं हाकलली होती. तो गेल्यावर परवाना मुलाच्या, ज्ञानेश्वरच्या नावावर आला, आणि आता काडतूस आत लोटून बंद करायचा रायफलीचा दांडा, बोल्टच, बंद होईना. ज्ञानेश्वर म्हणे, लोखंड म्हातारं झालं, संपलं.

मग गोजरबाईनं इंद्रभानला बोलावलं. इंद्रभान म्हणजे हिंमतरावांचा दोस्त. त्याची सारी नोकरी काडतुसांच्या कारखान्यात गेली, तीही मोजमापाच्या खात्यात. वरवट बकाल गावात त्याची ख्याती अशी, की भाकरीसुद्धा तो आधी जाडी बघून मग मोडतो.

तो मायक्रोमीटर घेऊन आला. रायफल रिकामी आहे हे त्यानं दोनदा पाहिलं, एकदा ज्ञानेश्वरला पाहायला लावलं. मग ओसरीवर धोतर पसरून एक रिकामं काडतूस आत घातलं, अन् बोल्ट दोन बोटांनी हलकेच पुढे लोटला. तो अर्ध्यातच अडला.

काडतुसाचं बूड आणि बोल्ट यांच्यात केसभर जागा लागते, असं त्यानं मायलेकांना समजावलं. फार झाली तर काडतूस फाटतं. जुन्या रायफलीत ती झिजून वाढते. इथं उलटंच होतं. काडतूस पुरतं आत बसतच नव्हतं.

"वहिनी, म्हातारपणी सारे सैल होतात. हे त घट्ट होऊन राह्यली."

"मंग आंधी आतून पुसून त घ्या, भाऊ."

इंद्रभानला ते पटलं नाही. वस्तू जशी आली तशी मोजायची, हात नंतर लावायचा, असा त्याच्या खात्याचा नियम. आतल्या जागेचा साचा घ्यायला त्यानं नळीत चिंधीचा बोळा बसवला, मिरचीवर मारायचं गंधक चुलीवर वितळवलं आणि काडतुसाच्या जागेत ओतलं. साऱ्या घरात असा वास सुटला की शेजारची कलाबाई नाकाला पदर लावून विचारून गेली, काय जळून राह्यलं.

गंधक थिजल्यावर इंद्रभाननं गजानं ठोकून साचा बाहेर काढला. पिवळ्या साच्याला लाल पुटं चिकटली होती. चष्मा कपाळावर चढवून त्यानं तो डोळ्याजवळ नेला. पुटांमध्ये तांदळाचे चार दाणे अगदी शाबूत होते.

गोजरबाईनं ते दाणे ओळखले. दर दसऱ्याला हिंमतराव रायफल पाटावर ठेवत, बोल्ट उघडा ठेवून. ती हळद-कुंकू, अक्षता, तुपाचं बोट वाहायची, तेही आत, कारण शक्ती आतच असते ना. नवरा गेल्यावर नऊ दसरे तिनं तशीच पूजा केली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंमतराव दार लावून का बसत, हे तिला आत्ता कळलं. सोनं वाटायला आलेल्या पाहुण्यांना टाळतात, असं तिला आजवर वाटायचं; ते तर आत रायफल पुसत बसायचे.

इंद्रभान तिला सांभाळून घेत गंज-बिंज असेल म्हणायला लागला. पण ज्ञानेश्वर साच्याकडे पाहत होता. तिनं सरळ सांगून टाकलं, "गंज नाही, भाऊ. मीच तूप लावत होती."

रॉकेल आणि पितळी ब्रश घेऊन तासभर साफसफाई चालली. मग काडतूस आत बसलं आणि बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. एवढ्यानं इंद्रभानचं समाधान होणार नव्हतं. काडतुसाच्या बुडाला त्यानं चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावत प्रत्येक वेळी बोल्ट लोटून पाहिला. दोन थरांवर तो बंद झाला, तिसऱ्यावर अडला. पट्टीची जाडी मायक्रोमीटरनं मोजून त्यानं कागदावर हिशेब मांडला; जागा हवी तेवढी, केसभरच निघाली.

"ज्ञाना, जमा नको करू. अकोल्याच्या बंदूकवाल्याले एकदा दाखव अन् परवाना वाढवून घे."

ज्ञानेश्वर हो म्हणाला, पण पूजा यापुढे बाहेरून, लाकडी दस्त्यालाच, ही अट घालून. गोजरबाईनं लगेच मान डोलावली. संध्याकाळपर्यंत गोजरबाईच्या रायफलीत भात शिजला, ही बातमी चहाच्या टपरीवरून बसस्टँडपर्यंत पोचली. येणारा जाणारा हसत विचारी, भाजी कोणती होती. गोजरबाई त्या सगळ्यांना वांग्याची सांगायची, आणि जेवायला बसली तेव्हा तिनं दीड भाकर जास्त खाल्ली.