रणगाड्यातला हीटर

गेणूने हीटरच्या दांडीला तार बांधली, ती डॅशबोर्डामागून आत ओढून घेतली आणि तिचं दुसरं टोक कशालाच बांधलं नाही. मग दांडी खालीवर करून पाहिली. छान चालत होती. प्रत्येक वेळी ‘कट्ट’ असा विश्वासू आवाजही येत होता.

"झालं का, मामा?" बाहेरून भिमाजीने विचारलं.

"हुत आलं," गेणू आतून म्हणाला. "घाईनं केलेलं काम टिकत न्हाई. आन् ह्ये तर टिकायलाच पायजे."

घोडेगावच्या एसटी स्टँडमागे गेणूचं गॅरेज होतं. त्याच्या दारात भिमाजीचा ट्रक पुढचं झाकण उघडून उभा होता. भिमाजी शिनोलीचा. फौजेत ड्रायव्हर होता, आणि निवृत्त झाल्यावर लष्कराच्या लिलावातून हा हिरवा ट्रक घेऊन गावी आला. गाव त्याला रणगाडा म्हणे. रणगाड्यातून बटाटे जात, गणपती जात, आणि लग्नसराईत वऱ्हाडं जात. आता भिमाजीने पुण्याच्या भंगार बाजारातून मिलिटरी गाडीचा हीटर शोधून काढला होता आणि गोणपाटात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा तो घेऊन आला होता.

"शिनोलीत हीटर?" गेणूने विचारलं होतं. "हितं काय बर्फ पडतंय, भाऊ?"

"बसवायचा म्हनून बसवायचा," भिमाजी म्हणाला होता. "आन् तो तुमीच बसवायचा."

रचना साधी होती. इंजिनातलं तापलेलं पाणी रबरी नळीतून एका लोखंडी डब्यात यायचं आणि डब्यामागचा पंखा ती ऊब केबिनमध्ये ढकलायचा. उन्हाळ्यात पाणी अडवायला मधे एक कॉक असतो. दांडी त्या कॉकची. गेणूने कॉक काढून नळी सरळ जोडून टाकली होती आणि पंख्याची वायर थेट चावीवर घेतली होती. इंजिन सुरू की हीटर सुरू. पौषात सुरू आणि वैशाखातही सुरू. दांडी तेवढी शोभेला होती.

याचं कारण आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षातलं. गेणूची बहीण लंकाबाई शिनोलीत दिलेली. तिच्या थोरल्या मुलीचं, आरतीचं लग्न मढला, मुलाच्या दारात होतं. वऱ्हाड रणगाड्यातून निघालं. गाव सगळं मागच्या हौद्यात, आणि पुढे केबिनमध्ये नवरी, करवली आणि नवरीचा मामा, अशी रीत. मामाला कुठे बसवलं यावरून मागच्या पिढीत सोयरिकी मोडलेल्या आहेत. गेणू सकाळी सकाळी फेटा बांधून नवरीशेजारी बसला होता, इतक्यात नवरीच्या बापाचे साहेब सपत्नीक उगवले. भिमाजीने केबिनचं दार उघडलं.

"मामा, उतरा. साहेबांस्नी म्होरं बसू द्या."

"मी नवरीचा मामा हाय, भाऊ."

"म्हनून तर तुमाला सांगतोय. दुसऱ्या कुनाला सांगितलं तर रागवंल."

गेणू उतरला. चढताना माणसाकडे कोणी बघत नाही, उतरताना सगळे बघतात. त्याला जागा मिळाली हौद्यात, ताशेवाला आणि भाताचं पातेलं यांच्या मधे. मढच्या वाटेवरच्या गणेशखिंडीतल्या वाऱ्याने फेटा सुटला, तो त्याने कानांना गुंडाळला. मढ येईपर्यंत त्याला थंडी वाजून ताप भरला. मंगलाष्टकांच्या वेळी तो रीतीप्रमाणे नवरीच्या पाठीशी उभा राहिला, हातात नारळ घेऊन. नारळ असा काही हलत होता की आतलं पाणी ऐकू यायला लागलं. व्हिडिओवाल्याने कॅमेरा नवरा-नवरीवरून मामावर घेतला आणि ‘शुभमंगल सावधान’ होईपर्यंत तिथून हलवला नाही.

ती कॅसेट वर्षभर फिरली. कुणाकडे पाहुणे आले की चहा आणि कॅसेट. मामा आला की मागे नेऊन पुन्हा लावायची. मढच्या व्याह्यांनी त्याचं नाव ‘हालता मामा’ ठेवलं आणि ते नाव त्याच्या आधी घोडेगावला येऊन पोचलं. गिऱ्हाईकं विचारायची, "मामा, नट घट बसंल ना? हात हालत न्हाई ना आज?"

गेणू हसायचा. लोक म्हणायचे, मामा दिलदार माणूस. त्याच्या बायकोला, ठकूबाईला मात्र ते हसणं माहीत होतं.

"दाढंखाली काय चावताय?" ती विचारायची.

"काय न्हाई."

"मग गिळा तरी."

गेणूने ते गिळलं नव्हतं. आणि आता देवाने भिमाजीलाच गोणपाटासकट दारात आणून उभं केलं होतं.

त्याने डॅशबोर्डाखालून बाहेर येऊन हात पुसले आणि भिमाजीला चावी फिरवायला सांगितली. पंखा घुरघुरला. थोड्या वेळाने डब्यातून ऊब यायला लागली. बाहेर पौषातली सकाळ होती. भिमाजी डोळे मिटून बसला.

"फौजेतल्यासारखा," तो म्हणाला. "झ्याक काम केलं, मामा."

"अजून कळंल तुमाला," गेणू म्हणाला.

मग गेणू उन्हाळ्याची वाट बघायला लागला. होळी झाली आणि पहिली बातमी आली. तालुक्याचे एक पुढारी वऱ्हाडात रणगाड्याच्या केबिनमध्ये बसून मंचरला गेले, आणि उतरले तेव्हा जाकीट हातात, टोपी खिशात आणि भाषण रद्द. चैत्रात एका विहीणबाईंची पावडर गळ्यापर्यंत ओघळली, आणि रुखवत मांडायच्या आधी त्यांना घागरभर पाणी पाजावं लागलं. पण सगळ्यात गोड बातमी गॅरेजात ट्रॅक्टर घेऊन आलेल्या संपतने आणली. आरतीच्या लग्नातले तेच साहेब पुन्हा एका लग्नाला निघाले होते. नारायणगावात त्यांनी गाडी थांबवली आणि स्वतःच्या पायाने मागे हौद्यात जाऊन बसले.

"कुटं बसले?" गेणूने विचारलं.

"पातेल्यापाशी."

"भाताच्या?"

"आता पातेलं भाताचं का डाळीचं, ते मी न्हाई बघितलं, मामा."

"बघायला पायजे व्हतं, राव," गेणू कळकळीने म्हणाला. "आन् भिमाजी काय म्हनतो?"

"काय म्हनतोय! कुनी बोललं की दांडी वर करून दावतोय, खाली करून दावतोय. म्हनतो, मिलिटरीचा माल हाय, दमानं थंड हुतो."

एवढीच एक गोष्ट गेणूला खुपत होती. भिमाजी तक्रार घेऊन येत नव्हता. सूड अर्धाच झाला होता. उरलेला अर्धा भिमाजी घामाघूम होऊन गॅरेजच्या दारात येईल आणि म्हणेल, ‘मामा, एवढा हीटर बंद करा,’ तेव्हा व्हायचा होता. त्या वेळचं उत्तर गेणूने तयार ठेवलं होतं: ‘तुमी सोसताय म्हनून ठेवलाय, भाऊ. दुसऱ्या कुनाच्या गाडीला असा बसवला तर रागवंल.’ गाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून तो हे उत्तर निरनिराळ्या आवाजांत म्हणून बघायचा. पण शिनोलीकडून येणारा रणगाडा गॅरेजसमोरून जायचा, भिमाजी हात करायचा आणि पुढे निघून जायचा. हसत.

"तक्रार येत न्हाई म्हनून झुरनारा मेकॅनिक मी पयलाच बघितला," ठकूबाई म्हणाली.

वैशाखात धाकट्या भाचीचं, स्नेहलचं लग्न निघालं. आणे गावी. वऱ्हाड अर्थात रणगाड्यातून.

गेणू शिनोलीत पोचला तेव्हा हौद्यावर ताडपत्रीची सावली धरली होती, आणि गावातले सगळे मानकरी मागे दाटीवाटीने बसले होते. एकमेकांना ‘तुमी म्होरं जावा, तुमचा मान’ असं आग्रहाने सांगत होते, जागचं मात्र कुणी हलत नव्हतं. नवरीसुद्धा करवलीला घेऊन मागेच चढली. "म्होरं माझं सगळं त्वांड वघळंल, मामा," ती म्हणाली. केबिन मोकळी होती. भिमाजीने तिचं दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली:

"गेणूमामा! म्होरं या. तुमची जागा हाय."

ज्या गोष्टीसाठी गेणूने दीड वर्षं दाढ चावली होती, ती गोष्ट सगळ्या वऱ्हाडादेखत, मानाने, त्याला दिली जात होती. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागलं असतं. ठकूबाईने मागून त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरला.

गेणू चढला.

मंचर सुटेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला. नारायणगावला फेट्याखालून धार कानात उतरली. वर वैशाखाचं ऊन, पुढे तापलेलं इंजिन आणि पायाशी त्याने स्वतः, स्वतःच्या हाताने, न गळणारे जोड देऊन बसवलेला डबा. पंखा एकदाही अडखळला नाही. काम चांगलं झालं होतं याबद्दल शंका नव्हती. भिमाजीच्या कपाळावरही घाम होता, पण तो गुणगुणत होता.

आळेफाटा गेला तेव्हा गेणूच्याने राहवेना.

"भाऊ, जरा बंद करता का ह्यो?"

"करा की."

गेणूने दांडी खाली केली. कट्ट. त्याने आशेने थोडा वेळ वाट पाहिली. मग वर केली. कट्ट.

"न्हाई व्हायचा," भिमाजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "कॉकच न्हाई त्याला."

गेणूचा हात दांडीवरच राहिला.

"मी त्याच दिशी घरी जाऊन वाकून बघितलं," भिमाजी म्हणाला. "उभी नोकरी ह्याच गाड्यांत गेली माझी. तार लोंबतीया, कॉक न्हाई, पंखा थेट चावीवर. समदं बघितलं."

तयार ठेवलेलं उत्तर गेणूला आठवेना. पहिला शब्द सापडला, पण तो एकटाच होता.

आणे घाटाच्या पायथ्याला भिमाजीने ट्रक थांबवला. मागे बायका पाणी पिऊ लागल्या, पोरं उड्या मारून उतरली. इंजिन चालूच होतं. भिमाजीने वाकून बुटांचे बंद सोडले, बूट काढले, मोजे काढले, आणि दोन्ही पाय उचलून हीटरच्या तोंडाशी धरले.

डाव्या पायाला अंगठा होता. बाकी बोटं नव्हती. उजव्याला अंगठाही नव्हता.

"लडाखात," भिमाजी म्हणाला. "गाडी अडकली बर्फात. तिला हीटर व्हता, पर चालत नव्हता." त्याने पाय जरा पुढे सरकवले. "तवापास्नं ह्यांच्यातला गारठा गेलाच न्हाई. उन्हाळ्यात सुदीक आतून बर्फ. आता वैशाखात मला थंडी वाजती म्हनून कुनाला सांगू? येडा म्हनतील. घरची सोडली तर कुनाला ठावं न्हाई."

गेणू पायांकडे बघत होता.

"तुमची ती कॅसेट आमच्या घरी लावली व्हती," भिमाजी म्हणाला. "लई हासली मानसं. मला न्हाई आलं हसू. मी म्हनलं, हा मानूस बघा, ह्याला गारठा म्हंजी काय ते ठावं हाय. हीटर गावला तवा तुमच्याकडंच आनला त्यो. त्वांडानं सांगवंना, लाज वाटली. आन् तुमी कॉकच काढून टाकलेला! म्हनलं, वळखलं गड्यानं. न सांगता वळखलं. ती दांडी ठिवली लोकांस्नी दावायला, त्ये तर लईच झ्याक केलं."

मागे कुणीतरी हौद्याच्या फळीवर थाप मारली. "भिमाभाऊ, चला की!"

"त्या दिशी एवढी थंडी कशी वाजली वो तुमाला?" भिमाजीने मोजे खिशात कोंबत विचारलं. "म्होरंच व्हता ना तुमी, माझ्याशेजारी?"

गेणूने त्याच्याकडे पाहिलं. भिमाजीच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. माणूस खरंच विचारत होता.

"मागं व्हतो," गेणू म्हणाला.

"मागं? मामा आसून? कुनी बसवलं?"

गेणू बाहेर बघायला लागला. घाटाच्या वळणावर एकुलतं बाभळीचं झाड होतं, त्याच्या सावलीला तीन शेळ्या मावत नव्हत्या आणि तरी ढकलाढकली करत होत्या.

"ध्यानात न्हाई," तो म्हणाला.

त्याला भिमाजीचा राग येत होता. पूर्वीपेक्षा जास्त येत होता. पूर्वी निदान तो ठेवायला जागा होती.

भिमाजीने अनवाणी पाय क्लचवर ठेवला, मग थांबला.

"मामा, तुमाला लई तरास हुतोय. मागं जाऊन बसा वाटलं तर. ताडपत्री हाय, वारा हाय. कुनी काय म्हनायचं न्हाई."

गेणूने दाराच्या कडीला हात घातला. मागे ठकूबाई मोठ्याने हसत होती, कशावर ते कळत नव्हतं. वरून, पठारावरून, वाऱ्याची एक झुळूक आली. ती उघड्या खिडकीतून आत शिरली, गेणूच्या ओल्या मानेवरून गेली, आणि खाली पायांकडे वळली. भिमाजीने पाय आवळून घेतल्याचं त्याला दिसलं.

गेणूने कडी सोडली. खिडकीची मूठ धरली. ती गंजून घट्ट झाली होती. त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला, दोन्ही हात लावले आणि दात खाऊन काच वर न्यायला सुरुवात केली. पार वरपर्यंत.

"चला," तो म्हणाला. "मुहूर्त टळंल."