माझ्या किमतीतलं चहापाणी

मित्रांनो, माझ्याजवळ येणारा प्रत्येक जण आधी शिंकतो आणि मग बोलतो. मी त्याचा राग मानत नाही. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात, जेमतेम दोन दुचाक्या मावतील एवढ्या गाळ्यात उभी असलेली मी एक जुनी मिरची कांडप मशीन आहे.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. मला घेतलं ते गोपिका आणि मिनल या दोन जावांनी, निम्म्या-निम्म्या भागीत, बँकेचं लोन काढून. पहिल्या दिवशी दोघींनी मला हळद-कुंकू लावलं. मग एकीने भिवापुरी मिरची उखळात टाकली, दुसरीने तिखट चाळलं. उन्हाळाभर बोळात रांग लागे. यांच्या तिखटाला रंग आहे, असं बायका म्हणत, तेव्हा खरं सांगते, मी भलतीच फुशारत असे.

एके दिवशी मिनलने सहज विचारलं की मंजूर झालं त्यापेक्षा लोन कमी कसं हाती आलं. बँकेत सगळं बोलणं करायला गोपिका एकटीच गेली होती. ती म्हणाली, "ते चहापाण्यात गेले वं."

गोपिकाच्या माहेरी, सावनेरला, कचेरीत कापून घेतलेल्या कुठल्याही पैशाला चहापाणीच म्हणत. मिनल वाढली कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत. तिच्या लेखी चहापाणी म्हणजे लाच, नाहीतर थाप. "कोणाले दिलं ताई, नाव तं सांगा," ती म्हणाली. पैसे तर बँकेतूनच कापून आले होते, गोपिका नाव कुणाचं सांगणार? जावेने आपल्यावर शंका घेतली हे तिला फार लागलं, आणि तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

मग एक सकाळी येऊ लागली आणि दुसरी दुपारी. तेल दुसरी घालेल असं प्रत्येकीला वाटे, आणि मी कोरडीच करकरत राही. गिऱ्हाईक कमी झालं, मग यायचंच बंद झालं. मला फार एकटं वाटलं. शेवटी मला विकून पैसे वाटून घ्यायचं ठरलं.

माझी किंमत काढायला भैय्याजी आले. बोळातल्या दुकानदारांचे इनकम टॅक्सचे रिटर्न तेच भरत. त्यांनी बँकेचे इंग्रजी कागद मागितले, चष्मा पुसून वाचले, आणि त्या कमी आलेल्या पैशांबद्दल विचारलं. गोपिकाने खाली मान घालून चहापाण्याचं सांगितलं.

"हे चहापाणी नोहे, बाई," भैय्याजी म्हणाले. "ही लोनची फी आहे. लोन देतानीच बँकेनं कापून घेतली. इनकम टॅक्सात हिले व्याजातच धरतात."

मग त्यांनी दोघींना समजावलं. ही फी मी चालू होण्याआधीची, म्हणून ती माझ्या किमतीत जोडायची. माझ्या झिजेचा घसारा म्हणून ती दरसाल थोडी थोडी नफ्यातून वजा होईल, आणि तेवढ्यावर कर लागणार नाही. चहापाणी म्हणून लिहिलं असतं तर छदामही वजा झाला नसता. एवढं बोलून त्यांनी ती फी धरून माझी किंमत सांगितली.

मिनल माझ्या उखळाच्या काठावर हात ठेवून उभी होती. "मी काहून असं बोलली तुमाले, ताई?"

"मलेच नीट सांगता नाही आलं वं," गोपिका म्हणाली. "भैय्याजीसाठी चहा ठेव."

मिनल डोळे पुसत होती. तिखटाने असेल, असं भैय्याजींना वाटलं. पण माझं उखळ तर महिनाभर रिकामं होतं.

मित्रांनो, आता माझी मुसळं झिजली आहेत, रंग उडाला आहे. मला वेळेवर थोडं तेल लागतं, एवढंच. आणि तुम्ही एवढं करा, घरच्या माणसाचा एखादा शब्द खटकला तर अबोला धरण्याआधी त्याला एकदा जवळ बसून पुन्हा विचारा. त्या दिवशी माझ्याजवळ बसून तिघांनी चहा घेतला. खरं चहापाणी झालं ते तेवढंच. भैय्याजींनी ती फी जोडून माझी किंमत वाढवली, आणि मला विकायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.