चीन पाहून आलेली बाबागाडी

मित्रांनो, बाबागाड्यांच्या इतिहासात माझं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाणार आहे, कारण मी चीनची भिंत पाहिली आहे. उलटी पाहिली. चाकं आकाशाकडे आणि खाली केदारचा घामेजलेला खांदा.

मी एक जुनी बाबागाडी आहे. जर्सी सिटीच्या केदार आणि प्रीता यांनी मला घेतलं, ते चीनमधून दत्तक मुलगी आणायची होती म्हणून. मुलगी अडीच वर्षांची. नाव ठरलेलं, इला. मला एकच हौस होती, माझ्यात मूल बसावं. बाबागाडीची आणखी काय महत्त्वाकांक्षा असणार?

पण मुलगी हाती येण्याआधी दत्तक संस्थेने चार दिवसांचं स्थळदर्शन ठेवलं होतं.

"मला मुलगी हवीय यार, भिंत नकोय!" प्रीता वैतागली.

"पॅकेजमध्येच आहे गं," केदार म्हणाला. "कॅन्सल होत नाही."

सोबत प्रीताची शरयूमावशी होती. तिने पहिल्याच सकाळी मला दारात अडवलं.

"रिकामा पाळणा हलवतं का कोणी?"

"मावशी, ही गाडी आहे."

"मूल बसतं ना त्यात? मग झालं!"

बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवतात. मावशीने तो न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या देशी दुकानातून घेऊन थेट चीनला आणला होता. तिने त्याला टोपडं घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि माझा पट्टा लावला.

असे चार दिवस मी दगड फिरवला. राजवाड्याच्या दारात एक पहारेकरी कौतुकाने वाकला, त्याने दुपटं बाजूला केलं, आणि बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. पायऱ्या आल्या की माझी घडी घालून मला खांद्यावर टाकत. वरवंटा मात्र मावशीच्या कडेवर.

पाचव्या दिवशी एका सरकारी कचेरीत इला आली. प्रीताने हात पुढे केले. इला किंचाळली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. खाऊ नको, खेळणं नको. प्रीता तासभर जमिनीवर बसून होती.

मग इला उठली आणि माझ्याकडे आली. आली माझी वेळ, असं मला वाटलं. तिने आत डोकावून पाहिलं, वरवंट्याचं वाकडं टोपडं सरळ केलं, आणि मागे जाऊन मला ढकलू लागली!

दांडा तिच्या डोक्याच्याही वर होता. प्रीताने हळूच दुसऱ्या बाजूने हात लावला. इलाने तो झटकला नाही. दोघी व्हरांड्यात फेऱ्या मारू लागल्या. तिसऱ्या फेरीला इलाने दांडा सोडून प्रीताचं बोट धरलं. केदार रडला, मावशी रडली. मीही रडले असते, पण माझ्यात बसलं होतं कोण? वरवंटा.

इला पुढेही माझ्यात कधी बसली नाही. मला ढकलायचीच. आता ती दहा वर्षांची आहे, "आई, धिस इज जंक," म्हणते. मी गॅरेजमध्ये असते. माझ्यावर तांदळाचं पोतं असतं.

वस्तूंची काळजी घ्या, त्यांनाही मन असतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. ते राहू द्या. मित्रांनो, कोणीतरी फक्त दोन मिनिटं माझ्यात बसा. वजनाची मर्यादा पन्नास पौंडांची आहे, पण थोडं इकडेतिकडे झालं तर मी बोलणार नाही.